ताईचं लग्न आणि इथली निवडणूक

ग्लासगो, १९ एप्रिल २०२६

ती. आई-आबांस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. थंडी ओसरली, खोकलाही गेला.

आबा, "तिकडं निवडणुकीत बाहेरच्यांना हाकला म्हणत्यात, तुला कोण काय बोललं तर?" असं तुम्ही दोनदा विचारलंत. मला कुणी काही बोललेलं नाही. रिफॉर्म पक्ष तसं बोलतो हे खरं, पण व्हिसाचे नियम लंडनला ठरतात, एडिंबराच्या पार्लमेंटच्या हातात ते नाहीत. ७ मेला त्या पार्लमेंटवर कुणीही निवडून आलं तरी माझ्या नोकरीला धक्का नाही. इथल्या लेबर पक्षाचे नेते अनस सरवर यांचे वडीलच पाकिस्तानातून आले होते. आणि मुख्य म्हणजे मलाही मत आहे! पासपोर्ट भारताचा, व्हिसा तात्पुरता, तरीसुद्धा. एक नाही, दोन मतं: एक मतदारसंघाच्या उमेदवाराला, एक पक्षाला. पार्लमेंटच्या १२९ जणांपैकी ५६ जण त्या दुसऱ्या मतातून जातात. स्कॉटिश नॅशनल पक्षाचे नेते स्विनी स्वतंत्र स्कॉटलंड मागतात, पण ऑफिसात बोलणं चालतं ते दवाखान्यातल्या वेटिंग लिस्टचं. बोटाला शाई मात्र लावत नाहीत, त्यामुळं आई, फोटो पाठवता येणार नाही.

आई, तू विणलेला हिरवा स्वेटर मी ऑफिसला का घालत नाही, ते सांगतो. आवडला नाही असं मनात आणू नकोस. इथं फुटबॉलच्या दोन टीम आहेत, हिरवा म्हणजे सेल्टिक आणि निळा म्हणजे रेंजर्स. आबांना लगेच कळेल, आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची फुटबॉल मॅच असली की पेठापेठांत जसं वातावरण होतं, तसंच. पण आपल्यात पेठ बघतात, इथं त्याच्या मागं धर्म आहे. सेल्टिक आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांनी उभा केला, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. "कुठली टीम?" असं विचारलं की पुष्कळदा "तू कुठल्या चर्चचा?" असंच विचारायचं असतं. काही पबच्या दारावर टीमचे रंग घालून येऊ नये अशी पाटी असते. मॅचच्या दिवशी मी स्वेटर घालून निघालो तर शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी जिन्यातच अडवलं आणि परत पाठवलं, अगदी तुझ्यासारखं दटावून. आजी चांगल्या आहेत. घरात मी रोज तोच घालतो, आत्ताही अंगात आहे.

स्कॉटलंडच्या मॅचला मात्र दोन्हीकडचे एक होतात. नोव्हेंबरात इथल्या हॅम्पडेन मैदानावर डेन्मार्कला ४-२ हरवून हे १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेले. मॅक्टॉमिनेनं हवेत उलटं होऊन गोल मारला तेव्हा आबा, तुम्ही शेजारी हवे होता. पहिली मॅच हैतीशी, १४ जूनला इथल्या रात्री दोनला. तुमच्याकडं सकाळचे साडेसहा. फिरायला जायच्या आधी टीव्ही लावा, मी इकडं जागा असेन. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सरकारनं सुट्टीसुद्धा जाहीर केलीय.

आता ताईचं. अधिक महिना संपल्यावर तारीख धरलीय, चांगलं केलंत. पण मला येता येणार नाही. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज टाकलाय, निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्जच रद्द होतो. चार ठिकाणी विचारून बघितलं. मे अखेरीला दीड लाख पाठवतो. ते कार्यालयाला आणि जेवणाला धरा, ताईच्या दागिन्यातलं काही कमी करू नका. कर्जाचा हप्ता चुकणार नाही. माझ्या स्थळाचं मावशीला सांगा, निदान वर्षभर विषय नको.

आबा, हे ताईला तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं फोनवर बोलवत नाही. कानपिळीला मामाच्या थोरल्याला उभा करा. आणि मंगलाष्टकं चालू असताना फोन कुणाच्या तरी हातात चालू ठेवा, इथं पहाट असली तरी मी आंघोळ करून बसतो.

तुमचा,
बाळू