खेळाडूंच्या हमीपत्रावर शाळेचीही सही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की माध्यमिक शाळांतून खेळाडू मुलामुलींच्या हातात एक छापील हमीपत्र पडते. वर नियम, खाली 'वरील सर्व नियम मला मान्य आहेत' असे वाक्य आणि त्याखाली विद्यार्थ्याची व पालकाची सही. माझी मुलगी नववीत आहे. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेकडून ती १७ वर्षांखालील गटात खो-खो खेळते. यंदा तिने आणलेले हमीपत्र मी ओळ न् ओळ वाचले. बहुतेक नियम पटले, काही अजिबात पटले नाहीत. आपल्याकडे असे कागद न वाचताच सही होऊन परत जातात, म्हणून हे पत्र.

आधी पटलेले सांगतो. सरावाला वेळेवर यायचे, पंचांशी हुज्जत घालायची नाही, हरल्यावरही समोरच्या संघाशी हात मिळवायचा, स्पर्धेमुळे बुडालेला अभ्यास मैत्रिणीची वही घेऊन भरून काढायचा. यात एक शब्द कमी करू नये. मी एसटीत वाहक आहे. दहा मिनिटे उशिरा आलेल्या एका माणसामुळे अख्खी गाडी कशी खोळंबते हे मला माहीत आहे. खो-खोत नऊ मुली मैदानात उतरतात, त्यातली एक आली नाही तर उरलेल्या आठ जणींचा सराव वाया जातो. मुलीला हे मला समजावून सांगावे लागले नाही, मैदानानेच शिकवले.

वयाचा नियम तर आणखी कडक हवा. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि १ जानेवारी ही तारीख धरून वय मोजतात. माझ्या गाडीत बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धे तिकीट लागते. मिसरूड फुटलेला मुलगा शेजारी बसलेला असतो आणि त्याची आई सांगते, "आत्तेच त्याले अकरावं लागनं, भाऊ." तिच्या हातातली पिशवी पाहून मी फार वाद घालत नाही. पण मैदानावर वय चोरले की नुकसान एसटीचे होत नाही. समोर उभ्या असलेल्या खऱ्या तेरा वर्षांच्या पोराचे होते. त्याला वाटते आपणच कमी पडलो, आणि तो खेळ सोडून देतो. यात मुलाला दोष काय द्यायचा? दाखला मोठी माणसे आणतात आणि ओळखपत्रावर सहीशिक्काही मोठीच माणसे मारतात.

तीच गोष्ट संघाच्या यादीतल्या राखीव, म्हणजे बदली खेळाडूंची. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आमच्यासारख्यांच्या मुलांना त्याचाच आधार आहे. पण म्हणूनच जून-जुलैत कधी मैदानाकडे न फिरकलेल्यांची नावे स्पर्धेच्या यादीत दिसायला लागतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजली. त्याची सुरुवात अशा यादीतूनच होते असे माझे मत आहे. यादीत खोटे नाव घालणार नाही, असे शाळेने लिहून द्यावे. हमीपत्रावर त्याचा उल्लेख नाही.

आता ते कलम, ज्यामुळे मी लिहायला बसलो. 'सरावादरम्यान अथवा स्पर्धेदरम्यान खेळाडूस इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.'

गेल्या वर्षी ऑक्टोबरात सराव चालू असताना मुलीने खांबाजवळ सूर मारला आणि डावा हात अंगाखाली आला. मैदान काळ्या मातीचे. पाऊस उघडला की आपल्याकडची काळी जमीन दगडासारखी होते आणि भेगा पडतात. खो-खोचे मैदान आधी पाणी मारून, ढेकळे फोडून, रोलर फिरवून तयार करायचे असते. तेव्हा कित्येक दिवसांत त्यावर घागरभर पाणी पडले नव्हते. प्रथमोपचाराची पेटी होती, पण कुलूपबंद कपाटात. किल्ली कारकुनाकडे आणि कारकून रजेवर. क्रीडाशिक्षकांनी फळ्यावर रेघा ओढायची लाकडी पट्टी हाताखाली धरली, एका मुलीच्या ओढणीने बांधली आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागे दुसरी मुलगी धरायला घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठले. मनगटाचे हाड मोडले होते. सरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी होते नव्हते ते सगळे केले. पण नंतर मी शाळेत गेलो, खर्चाचे काय, पुढे मैदानाचे काय असे विचारले, तेव्हा फाइलमधून माझीच सही असलेला कागद काढून समोर ठेवण्यात आला.

नंतर मी एका ओळखीच्या वकिलांकडून समजून घेतले. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करूच शकत नाही. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीच्या सहीला त्या कागदापुरता अर्थ नाही. आणि पालकाने सही केली म्हणून मूल ताब्यात असताना त्याची काळजी घेण्याचे शाळेचे कर्तव्य संपत नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला त्रास होईल अशी जाणूनबुजून हयगय केली, तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे. मला कुणावर गुन्हा दाखल करायचा नाही. पण ज्या ओळीने जबाबदारी टळतच नाही, ती ओळ पालकांना गप्प बसवायला का छापायची? विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी अपघात योजना पहिली ते बारावीपर्यंत लागू आहे आणि तिचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. आमचे प्रकरण त्यात बसत होते की नाही, एवढे तरी शाळेने आपणहून सांगायला हवे होते.

दुसरे कलम सरावाच्या वेळेचे: 'सायंकाळी सहापर्यंत उपस्थिती सक्तीची.' आमच्या बाजूच्या खेड्यांतल्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर ये-जा करतात. दिवाळीच्या सुमारास सहाला अंधार पडतो. साडेपाचची गाडी चुकली की पुढची मुक्कामी गाडी रात्री येते, तोवर चार-पाच पोरी स्टँडच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. ड्युटीवर असलो तर नजर ठेवतो, पण ही सोय नव्हे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास छापलेले असतात आणि त्यात गणित-विज्ञानाचा पोर्शन उरकला जातो. ते तास मैदानाला परत मिळाले आणि हंगामात सराव शेवटच्या दोन तासिकांत घेतला, तर सक्तीची गरजच राहणार नाही. बाहेरगावी मुलींचा संघ जाताना सोबत शिक्षिका असेल की नाही, मुक्काम कुठे असेल, कपडे बदलायला खोली आणि स्वच्छतागृह आहे की नाही, यावर त्या कागदावर एक अक्षर नाही. मोबाइल आणू नये असे मात्र ठळक अक्षरात आहे. मोबाइल नको हे मान्य. मग घरी निरोप द्यायला सरांचा किंवा मॅडमचा एक नंबर तरी त्यावर छापा.

सर्वांत जास्त वाईट वाटले ते गुणांच्या अटीचे. घटक चाचणीत ५० टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळाले तर संघातून नाव कमी. अभ्यासाला महत्त्व द्यायलाच हवे, मीही घरी देतो. पण या संघात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणारी एक पावरा आदिवासी मुलगी होती. घरात पावरी, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी. चाचणीत मागे पडायची, पण मैदानात तिला टिपायला समोरच्या मुली दमून जायच्या. तिचे नाव कमी केले. महिनाभरात ती कापूस वेचायला लागली आणि शाळेत परत आली नाही. तिच्या आईवडिलांना शाळेचे एकच कारण कळत होते, ते म्हणजे पोरगी खेळते, नाव काढते. अशा मुलीला संघात ठेवून रोज अर्धा तास जास्तीचे शिकवणे ही शाळेची जबाबदारी आहे. हजेरीची अट ठेवा, मी विरोध करणार नाही. मैदानासाठी का होईना, मूल वर्गात येईल.

पालकांनाही मी सोडत नाही. तालुका सामन्यात दोरीबाहेर उभे राहून पंचांना शिव्या देणारे बापच असतात. मुलांना तंबाखू-गुटखा बंद म्हणून सही घ्यायची आणि आपण मैदानाच्या कडेला उभे राहून तंबाखू मळायची, हे शोभत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण फाटकासमोरच्या टपऱ्या तशाच आहेत. वेचणीच्या दिवसांत ऐन सामन्याच्या सकाळी मुलीला शेतात नेणारेही आपणच. 'सामन्याच्या दिवशी कामाला लावणार नाही, मैदानात अपशब्द बोलणार नाही' अशी सही माझ्याकडून घ्या, मी आनंदाने करीन.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. अंतिम सामना आमच्या घरी शेजारच्या मुलींनी मिळून मोबाइलवर पाहिला. तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या मुली वाढल्या आहेत, पाचवी-सहावीतल्याही येतात.

यंदाच्या हमीपत्रावर मी 'शाळा जबाबदार राहणार नाही' ही ओळ खोडली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिले: मैदान खेळण्याजोगे ठेवणे, प्रथमोपचाराची सोय, मुलींसोबत शिक्षिका, आणि यादीत फक्त खेळणाऱ्यांची नावे, ही शाळेची जबाबदारी राहील. त्याखाली मुख्याध्यापकांच्या सहीसाठी जागा सोडली. कागद स्वीकारला आहे, सही अजून झालेली नाही. मुलगी रोज सरावाला जाते आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विनंती आहे की स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत विद्यार्थी, पालक, क्रीडाशिक्षक आणि मुख्याध्यापक अशा चौघांच्या सह्यांचे एकच पत्र घेण्याची पद्धत सुरू करावी. ते ठरायला वेळ लागेल हे समजते. तोवर ज्या शाळांची मैदाने काळ्या मातीची आहेत त्यांनी तालुका स्पर्धेआधी पाण्याचा टँकर आणि रोलर फिरवून घ्यावा, आणि प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली क्रीडाशिक्षकांकडे द्यावी.

आपला,
एक एसटी वाहक व पालक, ता. चोपडा, जि. जळगाव