तपासणीला बंद होणारे दार हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना म्हणून जगभर पाळला जातो, आणि अलीकडे ठाणे-नवी मुंबईतल्या गृहसंकुलांतही तो नवरात्र-कोजागिरीच्या जोडीने वर्षाच्या कार्यक्रमांत जाऊन बसला आहे. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या ऑक्टोबरमध्ये असाच कार्यक्रम झाला. गुलाबी फुगे होते, व्याख्यान होते, चहा-सामोसे होते आणि इंग्रजीत छापलेले गुळगुळीत पत्रक होते. मी तीस वर्षे परिचारिकेचे काम करून निवृत्त झालेली, त्यामुळे सवयीने विचारले की तपासणीची खोली कुठे आहे. "सिस्टर, आज फक्त अवेअरनेस आहे," असे उत्तर मिळाले.

खुर्च्या आवरल्या जात असताना, आमच्या इमारतीत घरकाम करणारी पंचेचाळिशीची एक बाई ते पत्रक घेऊन माझ्याजवळ आली. स्वतःची तपासणी कशी करायची ते दाखवणाऱ्या चित्रावर बोट ठेवून तिने विचारले, "हे साबणाच्या हाताने करायचं का हो, सिस्टर?" मी होकार दिल्यावर आवाज उतरवून म्हणाली, "मग मला लागतंय हाताला. सुपारीएवढं. पण दुखत नाही." आठ महिने ती गाठ तशीच होती. दुखत नाही हे ती स्वतःला धीर देण्यासाठी सांगत होती आणि मला काळजी वाटली ती त्याच शब्दांची, कारण स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ठणकणाऱ्या गाठी पुष्कळदा साध्या निघतात, आणि बायका दवाखाना गाठतात तो मात्र त्यांच्यासाठी.

तिला आधी कुणी विचारलेच नव्हते असेही नाही. तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी आशा कार्यकर्त्या घरोघरी जो अर्ज भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का, हे प्रश्न आहेत, आणि ते नेमके आहेत. पण तिला ते विचारले गेले दिघ्यातल्या तिच्या एका खोलीच्या उंबऱ्यावर. आत सासरे टीव्ही पाहत होते आणि दहावीतला मुलगा पुस्तक घेऊन बसला होता. प्रश्न पुरा होण्याआधीच ती "नाही" म्हणाली. यात त्या आशाताईंना बोल लावता येणार नाही, कारण त्यांच्याकडे अर्ज होता, पण आडोसा नव्हता.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मृत्यूंचा हा आकडा नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक आहे, आणि उशिरा होणारे निदान हे त्याचे एक मोठे कारण आहे. यावरचा उपाय आपल्या शेजारीच तपासून पाहिला गेला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांना दोन गटांत विभागले आणि एका गटाची दर दोन वर्षांनी, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून, केवळ हाताने तपासणी करवली. त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि सर्व वयांचा एकत्रित फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नसला, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण चित्राचे, महत्त्व मी नाकारत नाही; पण तरुण वयात स्तनाची ऊती दाट असल्याने त्या चित्रात गाठ लपू शकते, आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधी गाठतो. नुसती पत्रके वाटून स्वतःची तपासणी शिकवणेही पुरत नाही. शांघायच्या गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तेवढ्याने मृत्यू घटले नव्हते. बाईला आपल्या शरीरातला बदल कळावा, हे हवेच. पण पुढचा हात शिकलेल्या माणसाचा हवा.

प्रतिबंधाविषयी थोडेच लिहिते. पाळी गेल्यानंतर वजन आटोक्यात ठेवणे, मद्य टाळणे, अंगमेहनत आणि बाळाला अंगावर पाजणे यांनी धोका काहीसा कमी होतो. (मात्र "अंगावर पाजलं नाहीस म्हणून झालं" असे रुग्णाईत सुनेला ऐकवणाऱ्या सासवा मी वॉर्डात पाहिल्या आहेत, त्यांनी हे वाक्य कृपया वापरू नये.) घरात कुणालाही नसताना हा रोग झालेल्या स्त्रियाच संख्येने अधिक असतात.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या एकीचीही ती कधी झालेली नव्हती.

त्या बाईला मी पनवेल लोकलने खारघरला टाटाच्या केंद्रात नेले. "सुई लावली की पसरतो" ही तिची भीती काढण्यात ऐरोली ते नेरूळ एवढा प्रवास गेला. बायोप्सीने, म्हणजे गाठीचा लहानसा नमुना सुईने काढून तपासल्याने, कर्करोग पसरत नाही, हे तिच्या जावेला फोनवरही समजावावे लागले. निदान कर्करोगाचेच झाले असून उपचार सुरू आहेत.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना माझी विनंती आहे की प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक वार या तपासणीसाठी ठरवावा, तपासणारी स्त्रीच असावी आणि खोलीला आतून कडी असावी. वेळ दुपारी दोन ते चार ठेवावी. घरकाम करणाऱ्या बाया तेव्हाच मोकळ्या होतात आणि संध्याकाळची कामे पाचला सुरू होतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ऐरोली, नवी मुंबई