मधल्या हप्त्यांबद्दल

नाशिक,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वैशू,

तुझा गुरुवारी रात्री साडेअकराचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा अंथरुणात, हळू आवाजात, आणि एकदा सकाळी पोळ्या लाटताना. "बावीस हप्ते झाले, सव्वीस राहिले, आणि आता मला कशाचंच काही वाटत नाही गं," एवढं बोलून तू थांबलीस. मागे तुमच्या पंख्याचा आवाज येत राहिला. लगेच फोन करणार होते. पण फोनवर आपण पाच मिनिटांत मुलांच्या मार्कांवर घसरतो, म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले. हे झोपलेत, चिरंजीव मित्राकडे गेलाय. माझं अक्षर वाचायची तुला सवय आहेच.

पहिलं सांगते ते हे, की माझंही कर्ज अजून सगळं फिटलेलं नाही. आठ हप्ते आहेत. तेव्हा काठावर उभं राहून सल्ला देतेय असं समजू नकोस.

आमचं कसं झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. पन्नास माणसांना कोण पत्रिका छापतं? मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली तेव्हा आम्ही सुटल्यासारखे झालो होतो. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहतं, हे कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी यंत्राचं कर्ज आणि गाळ्याचं थकलेलं भाडं मिटवायला माझ्या पगारावर चार लाखांचं पर्सनल लोन काढलं. चौदा टक्के, पाच वर्षं, हप्ता ९,३०७. शिवाय क्रेडिट कार्डाचे १,१२,००० आणि दिरांचे हातउसने ६०,०००.

सुरुवातीचा जोश काय वर्णावा! पेपर बंद, केबल बंद, दुधाची एक पिशवी कमी, मुलाच्या डब्यातलं बिस्कीट बंद. फ्रिजवर मोठा कागद लावला. तीन महिने अगदी शिस्तीत गेले आणि चौथ्या महिन्यात, दिवाळीच्या सेलमध्ये, मी त्याच कार्डावर ६,४०० चा मिक्सर घेतला. जुना चालू होता, वैशू. फक्त झाकण नीट बसत नव्हतं. रात्री तो खोका पलंगाखाली सरकवला आणि मग मलाच हसू आलं, कारण लपवतेय कोणापासून? तेव्हापासून महिन्याला ३०० रुपये मी हिशेबाबाहेर ठेवते. रविवारी तिघं मिसळ खाऊन येतो, नाहीतर मी एकटी गजरा नि मासिक घेते. त्याचा जमाखर्च कोणी विचारायचा नाही. तू म्हणालीस ना, की वर्षभर स्वतःसाठी बाहेर चहासुद्धा प्यायली नाहीस? मला तेच सर्वांत काळजीचं वाटलं.

कार्डाचं मात्र तू अजूनही नीट मनावर घेत नाहीस, म्हणून मांडून दाखवते. महिन्याला साडेतीन टक्के हे ऐकायला बारीक वाटतं. लाखावर ३,५०० व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ६३०. झाले ४,१३०. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून ५,००० छापून येतात ते आपण इमानदारीत भरतो, आणि त्यातून लाखातले फक्त ८७० कमी होतात. वर्षाचा हिशेब केलास तर पन्नास टक्क्यांच्या जवळ जातो. त्यात नवी खरेदी केली की तिला एक दिवसाचीही बिनव्याजी मुदत मिळत नाही. हे गणित मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका पाकिटाच्या मागे मांडलं आणि संध्याकाळी घरी येऊन बांगड्या काढल्या.

चार बांगड्या, चार तोळ्यांच्या, आईने घातलेल्या. बँकेत सोनेतारणाचे १,२०,००० मिळाले. कार्ड त्याच दिवशी शून्य केलं, उरलेले आठ हजार मुलाच्या फीला. सोनेतारणाचं व्याज तेव्हा दहा टक्क्यांच्या आत होतं, म्हणजे पैशाच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तरी पावती पर्समध्ये ठेवून रिक्षात बसले तेव्हा मनगटं एवढी हलकी वाटत होती की हात कुठे ठेवावेत कळेना. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला एक ग्रॅमच्या घालून गेले. कोणाच्या लक्षात आलं नसेल. सासूबाईंच्या आलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वाण देताना हातावरून हात फिरवला.

आता तुझ्या सव्वीस हप्त्यांकडे येते.

जानेवारी २०२४ मध्ये माझा तिसावा हप्ता गेला. साठातले तीस. मी शिरा केला, यांना म्हटलं, अर्धं फिटलं. जेवण झाल्यावर सहज कर्जखात्याचा उतारा उघडला, आणि बाकी होती २,३४,००० च्या वर. चार लाखांचे निम्मे तर दोन लाख होतात! मला वाटलं बँकेचं काहीतरी चुकलंय. दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने न हसता समजावलं, त्याबद्दल तिचे आभार. हप्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असतो, पण आतली फोड बदलत जाते. माझ्या पहिल्या ९,३०७ मध्ये ४,६६७ व्याज होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त. निम्मं मुद्दल फिटायला मला छत्तिसावा हप्ता यावा लागला.

त्या रात्री मला अगदी तुझ्यासारखं वाटलं. राग नाही, रडू नाही. कशाचंच काही वाटेना. तेव्हा तुझं काही चुकतंय असं मला मुळीच वाटत नाही. पहिल्या वर्षी भीती असते, ती पळवते. शेवटच्या वर्षी टोक दिसतं, ते ओढतं. मध्ये मात्र नुसता पाच तारखेचा मेसेज असतो, खात्यातून इतके इतके वजा झाले.

मी काय केलं सांगू? त्या मुलीकडून अख्ख्या साठ हप्त्यांचं वेळापत्रक छापून आणलं. बँकेत त्याला रिपेमेंट शेड्यूल म्हणतात. तूही मागून घे, देतात. ते देवघराच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवलं. गेलेल्या हप्त्यांवर फुल्या मारायच्या सोडून दिल्या आणि फक्त व्याजाचा रकाना बघायला लागले. दर महिन्याला तो आकडा थोडा थोडा उतरतो. या पाच तारखेला गेलेल्या हप्त्यात व्याज फक्त ९२३ होतं. पैसे तेवढेच जातात, पण आता जवळजवळ सगळे माझ्या कामाला लागतात. हसशील, पण पाच तारखेला मी हा आकडा यांना वाचून दाखवते, पूर्वी पेपरातलं भविष्य वाचायचे तसा.

आणि दुसरं, ते पर्सनल लोन मी आपलंआपलं चालू दिलं आणि डोळ्यांसमोर बांगड्या घेतल्या. सोनेतारणात जमेल तसं मुद्दल भरता येत होतं. चार बांगड्या म्हणजे तीस-तीस हजार. तीस हजार भरून झाले की एक बांगडी आली असं मी धरायचे. बँक काही एकेक बांगडी सोडत नव्हती. हा माझा घरगुती हिशेब. पण "बाकी ४५,०००" याने जे होत नव्हतं ते "तिसरी अर्धी आली" याने झालं. यांना दोन ओव्हरटाइम कामं मिळाली, दिवाळीचा बोनस गेला, जुनी कटिंग मशीन विकली, सगळं तिथे. मे २०२४ मध्ये अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सोडवल्या. सराफ बाजारात सोनं घ्यायला गर्दी आणि मी माझंच सोनं घेऊन उलटी चाललेली. घरी आल्यावर सासूबाईंनी चारही बांगड्या निरांजनासमोर ठेवल्या.

दिरांच्या साठ हजारांबद्दल एवढंच, की त्यांना व्याज नव्हतं आणि तेच सर्वांत जड होते. कुठल्याही घरच्या कार्याला गेलं की त्यांच्या बायकोच्या नव्या साडीकडे बघायचीही मला चोरी. ते मी गणित बाजूला ठेवून आधी फेडले. पुस्तकात हे चूक ठरेल, ठरू दे.

बचतीवरून तुझे भाऊ तुला बोलले, त्यांचं म्हणणं आकड्यांत बरोबर आहे. इतकं व्याज भरत असताना खात्यात पैसे कशाला पाडून ठेवायचे? मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. तरी नोव्हेंबर २०२१ पासून मी महिन्याला १,००० एका वेगळ्या खात्यात टाकत आले. त्याचं एटीएम कार्ड घेतलं नाही, फोनला जोडलं नाही. पैसे हवे असतील तर स्लिप भरून रांगेत उभं राहायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये चिरंजीव गल्लीत क्रिकेट खेळताना पडले, हात मोडला. एक्स-रे, प्लास्टर, औषधं मिळून ७,२०० झाले. खात्यात दहा हजार होते. उरले २,८००. पण कार्ड कपाटातून बाहेर निघालं नाही, वैशू. ते निघालं असतं तर मी पुन्हा त्याच किमान रकमेच्या घाण्याला जुंपली गेले असते, हे मला त्या मिक्सरने शिकवून ठेवलं होतं. तेव्हा भावाला काय सांगायचं ते सांग, पण पाचशे का होईनात, बाजूला टाक.

बांगड्या सुटल्यावर मोकळ्या झालेल्या पैशांतून पोस्टात २,००० ची आवर्ती ठेव सुरू केली, ६.७ टक्के, पाच वर्षं. शंभर रुपयांपासूनही उघडता येते. ऑफिसातल्या भिशीतही शिरले आणि मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेतला. पहिला नंबर घेतला की ते कर्जच होतं गं, फक्त चहा-पोह्यांसह. आपल्या हॉस्टेलच्या भिशीत तू पहिला नंबर घेऊन सँडल घेतली होतीस आणि मग चार महिने माझ्याकडून पन्नास-पन्नास मागत होतीस. विसरलेली नाही मी.

मागच्या महिन्यात ऑफिसातले एकजण म्हणाले, उरलेलं लोन एकदम भरून मोकळ्या व्हा. विचारून आले. बाकी सत्तर हजारांच्या आसपास. उरलेल्या आठ हप्त्यांत सगळं मिळून व्याज जाणार ३,७५० च्या जवळपास, आणि मुदतीआधी बंद करायला माझ्या करारात चार टक्के अधिक जीएसटी, म्हणजे ३,३०० च्या वर. चारशे रुपये वाचवायला मी जमवलेली सगळी गंगाजळी रिकामी करू? नाही केली. तुझ्या करारातला आकडा वेगळा असेल, तेव्हा भरण्याआधी तो बघ. तुझ्यापुढे सव्वीस हप्ते आहेत, कदाचित तुला फायद्याचं पडेल.

तुझ्या त्या कार्डवाल्यांचं. सकाळी सातला फोन करतात म्हणालीस. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. तारीख-वेळ लिहून ठेव, बँकेकडे लेखी तक्रार दे, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. आणि ते "चाळीस हजारांत मिटवून टाकू" म्हणतायत त्याला फोनवर हो म्हणू नकोस. तसं मिटवलेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' म्हणून दिसतं, आणि उद्या मुलीच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलीस की तिथे अडतं. थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून द्या म्हणून लेखी विचार. तुझ्या पाटल्या लॉकरमध्येच आहेत ना? नाही, मी सांगत नाही काढ म्हणून. पाकिटाच्या मागे गणित मांड आणि मग ठरव.

अजून एक विचारायचं होतं. घरात हे सगळं माहीत आहे का? लोन माहीत असेल. पण कार्डाचा पूर्ण आकडा? तुझ्या मेसेजमधल्या त्या हळू आवाजावरून मला शंका आली. मी सहा महिने यांच्यापासून तीस हजार लपवले होते, ती गोष्ट भेटल्यावर सांगेन. कागदावर नको.

माझा शेवटचा हप्ता पाच जुलैला जाईल. रविवार येतो, मी बघून ठेवलंय. तू शनिवारीच ये, मुलीलाही आण. रात्रभर गप्पा मारू. येताना शेंगाची चटणी आण, दुकानातली नको, काकूंच्या हातची. आणि त्याआधी, या आठवड्यात, ते वेळापत्रक बँकेतून आणून व्याजाच्या रकान्याचा फोटो मला पाठव.

हे उठले. चहा टाकते.

तुझी,
सुमा

ता. क. मिक्सर अजून उत्तम चालतोय. झाकणही नीट बसतं.