काढलेली पिशवी तपासायची कशाला?

नाशिक

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आईच्या काढलेल्या पित्ताशयाचा, म्हणजे पित्ताच्या पिशवीचा, बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. बाकीचं आता सावकाश वाचा. फोनवर बाबा ‘बरंय ना, मग झालं’ म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही दवाखान्यात विचारलंत, पिशवी काढली, खडे डबीत घालून हातात दिले, मग आता तपासायला पैसे कशाला? ती डबी निम्म्या निफाडाने पाहिली असणार. पण खड्यांवरून फारसं कळत नाही. झालेलं नुकसान पिशवीच्या भिंतीत असतं. म्हणून आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात, येते. आम्ही ती उभी चिरून आतून बघतो, तुकडे मेणात बसवतो आणि ४-५ मायक्रॉनचे, म्हणजे केसाहूनही पातळ, काप काढून काचेच्या स्लाइडवर रंगवतो.

स्लाइड आमच्या मॅडमनी पाहिली. आईच्या रिपोर्टवर माझी सही नको वाटली. भिंत जाड झाली होती. खडे वर्षानुवर्षं आत राहिले की सूज येत-जात राहते, स्नायूचा थर जाडावतो, तंतू वाढतात आणि अस्तर ठिकठिकाणी भिंतीत खोल घुसतं. त्या खाचांना रोकिटान्स्की-आशॉफ सायनस म्हणतात. नाव भयंकर, प्रकरण साधं. लाल अस्तरावर कोलेस्टेरॉलचे पिवळे ठिपकेही होते. अशा पिशवीला डॉक्टर चक्क स्ट्रॉबेरी गॉलब्लॅडर म्हणतात. आई, आता सुरगाण्याची स्ट्रॉबेरी खायची सोडू नकोस.

‘पायलोरिक मेटाप्लेशिया’ वाचून दादा घाबरला. सततच्या त्रासामुळे पित्ताशयाच्या अस्तरात जठराच्या शेवटच्या भागात असतात तशा ग्रंथी तयार होतात, एवढंच. जुन्या खड्यांच्या पिशवीत हे नेहमी दिसतं. आतड्यासारख्या पेशी दिसल्या तर आम्ही आणखी तुकडे घेऊन बघतो आणि डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचे पेशींतले बदल, शोधतो, कारण कॅन्सरची वाट बऱ्याचदा तिथून जाते. आईच्या पिशवीत यातलं काही नाही. पण क्वचित एखाद्या पिशवीत सोनोग्राफीत न दिसलेला, ऑपरेशनच्या वेळीही न जाणवलेला कॅन्सर थेट स्लाइडवर सापडतो. तो भिंतीत किती खोल गेलाय, त्यावर पुन्हा ऑपरेशन लागेल का ते ठरतं. गंगेकाठच्या भागात तर हा आजार आपल्याकडच्यापेक्षा बराच जास्त आहे. तेव्हा बाबा, ते पैसे वाया गेले नाहीत.

आई, पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पिशवीत नुसतं साठतं. आता ते सरळ आतड्यात उतरेल. सुरुवातीला तेलकट थोडं कमी खा, पण भाकरीवरचं तूप कायमचं बंद करायची गरज नाही. टाके दाखवायला जाल तेव्हा रिपोर्ट सर्जनना नक्की दाखवा.

आणि बाबा, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं त्याला तुम्ही गॅस म्हणता. द्राक्षांचा माल गेला की सोनोग्राफीला या. उपाशीपोटी या, खाल्लं की पिशवी आकसते आणि नीट दिसत नाही. सीबीएस स्टँडवर उतरून चहासुद्धा नको.

तुमची,
सोनी