गाडी सोपवताना दहा मिनिटं बोला

महोदय,

आपल्या पुरवणीत गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी काय तपासावं याची माहिती वाचली. त्यात कूलंटची पातळी बघा असं होतं. माझ्या गाडीत कूलंटच नाही. वडिलांकडून आलेली १९६५ सालची फोक्सवॅगन बीटल मी चालवते. हवेवर थंड होणारं इंजिन मागे, डिकी पुढे. अशी वेगळी गाडी असेल तर मेकॅनिकशी आधी नीट बोलावं लागतं. मी ते बोलले नव्हते, म्हणून हे पत्र.

वडील गेल्यावर पहिल्यांदाच गाडी घेऊन मी तासभर चालवत गॅरेजात गेले, ‘सगळं बघा, टॅपेटही सेट करा’ म्हणाले आणि निघून आले. मेकॅनिक अनुभवी होता, काम त्याने मन लावून केलं. पण टॅपेट सेट झाले ते तापलेल्या इंजिनावर. या इंजिनाची टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, ०.१५ मिलिमीटर ठेवतात आणि ती इंजिन पूर्ण गार असतानाच मोजायची असते. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड प्रसरण पावतात आणि गॅप वाढते. म्हणजे गरम असताना बरोबर लावलेली गॅप गार झाल्यावर जेमतेम उरते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. दुसऱ्या मेकॅनिकने गार इंजिनाचं कव्हर काढलं, तर दोन व्हॉल्व्हपाशी फट मोजायच्या फीलर गेजची पाती आतच जाईना. गॅपच उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. आमच्या बाबतीत ते वेळेत लक्षात आलं. पहिल्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. ‘गाडी आज ठेवा, उद्या सकाळी गार असताना उघडा’ एवढं एकच वाक्य मी सांगायला हवं होतं.

आता मी एक कागद लिहून स्टिअरिंगला बांधते. ऑइल अडीच लिटर, त्याहून जास्त ओतू नये. कागदी फिल्टर नाही, खाली जाळी आहे. तिचे सहा नट बारीक आहेत, जोर लावला तर आटे जातात. जनरेटर आणि इंजिन थंड करणारा पंखा एकाच बेल्टवर फिरतात, म्हणून ट्रायलला चार्जिंगचा लाल दिवा लागला तर बेल्ट तुटून पंखाही थांबला असेल असं समजून गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद करावं. बॅटरी मागच्या सीटखाली आहे. तिच्यावरचं झाकण परत बसवलंच पाहिजे, नाहीतर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून आग लागू शकते.

पण सगळ्यात मोलाचं असतं ते आधीच्या मालकाने केलेले बदल सांगणं, कारण ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतात. ही गाडी मूळची सहा व्होल्टची. वडिलांनी ती बारा व्होल्टची करून घेतली, पण वायपरची मोटर जुनीच ठेवली आणि तिच्या वायरीत व्होल्टेज कमी करणारा एक रेझिस्टर बसवला. तो तापतो. माहीत नसलेला माणूस तो बिघाड समजून काढून टाकेल आणि मोटर जळेल.

आणखी एक. ‘कार्ब्युरेटर गेलाय’ असं निदान मी आता सांगत नाही. गाडी तापल्यावर, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये धक्के मारते, एवढंच सांगते. शोध मेकॅनिकला घेऊ द्यावा.

बीटलच कशाला, जुन्या हायड्रॉलिक सस्पेन्शनच्या सिट्रोएनमध्ये हिरव्या खनिज तेलाऐवजी साधं ब्रेक ऑइल गेलं तर सील खराब होतात. हायब्रिड गाडीचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालत असेल तर त्याचं तेलही वेगळं लागतं, नेहमीच्या एसीचं चालत नाही.

गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे. जॉब कार्डावर ‘या गाडीत आधी काय बदललं आहे?’ असा एक रकाना ठेवा. आणि अशी गाडी आधी कधी उघडली नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. मी कागद आणि मॅन्युअल घेऊन शेजारी बसायला तयार आहे.

आपली,
एक वाचक