कॅमेऱ्याचं तोंड गेटकडे आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई "तू नीट झोपतेस ना" वर गाडी नेते, म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते: कॅमेरे घेतले. दोन. शनिवारी सकाळी दहाला माणूस बसवायला येईल. विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपण विचारच करत बसलो असतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

बाबा, पायरीवरून पाय घसरल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. तेही तुमच्याकडून नाही. आई बोलता बोलता "सूज उतरली आता" म्हणाली आणि एकदम गप्प झाली. रात्री दोनला गेट वाजलं म्हणून टॉर्च घेऊन बाहेर, आणि गेटशी कोण, तर कुत्रं. तेव्हापासून दोनच्या सुमाराला मलाच जाग येते. रागवायचं नाहीये मला. रागवायचं असतं तर पत्र न लिहिता थेट आले असते. (येत नाही, हेच तर आहे. ते मागे बोलून झालंय, पुन्हा नको.)

तर या कॅमेऱ्यांचं काम एकच. गेट वाजलं की बाबांनी पांघरुणातूनच फोन बघायचा आणि कूस बदलायची. चोरबीर पकडला गेला तर तो वरचा नफा.

बाबांचा पहिला प्रश्न मला इथे ऐकू येतोय: आठ मेगापिक्सेलचे मिळत असताना चारचे का? दुकानदारानेही तेच विचारलं, जरा दयेनेच. मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके. पण आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, बऱ्याचदा दोन्हींत साधारण तेवढीच असते, ठिपके तेवढे दुप्पट. आजोळी एका पांघरुणात चौघं झोपायचो तेव्हा सगळ्यांची पावलं झाकली जायची, आठ झालो की कोणाचं ना कोणाचं उघडं. उजेडाचंही तसंच. दिवसा सगळ्यांना पुरतो, रात्री प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला थोडा येतो आणि चालत्या माणसाचा नुसता फराटा उमटतो. आपलं सगळं काम रात्रीचं. म्हणून चार.

खरी मारामारी लेन्सवर झाली. २.८ मिलिमीटरची लेन्स जवळपास १०० अंशांचं दृश्य घेते, म्हणजे सगळं अंगण एका नजरेत, पण गेटवरचा माणूस मुंगीएवढा. ६ मिलिमीटरची साधारण ५० अंशांचंच घेते, पण लांबचं जवळ आणते. यासाठी एक मोजमाप ठरलेलं आहे. अनोळखी माणसाचा चेहरा पक्का ओळखायचा तर तो उभा असेल तिथल्या एक मीटर रुंदीला चित्रातले २५० ठिपके यावे लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, आणि कोणीतरी आहे एवढंच कळायला २५. चार मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे २५६० ठिपके असतात. घराच्या कोपऱ्यापासून गेट बाबांच्या तेरा पावलांवर, म्हणजे नऊ मीटर धरले. २.८ची लेन्स तिथे सुमारे २१ मीटरचा पट्टा दाखवते, मीटरमागे १२० ठिपके, म्हणजे दादा आलाय की दुसरं कोणी एवढं जेमतेम. ६ची लेन्स तिथे साडेआठएक मीटर दाखवते, मीटरमागे ३००. म्हणून गेटला ६ची. मागच्या दाराशी माणूस तीन मीटरवरच उभा राहणार, तिथे २.८ची आरामात पुरते आणि पाण्याची टाकीही दिसते. बाबा, माझ्या गणिताच्या वहीत तुम्ही लाल पेनने "एकक?" असं लिहायचात ना, या वेळी एककं सगळी लिहिली आहेत. बघा.

आकाराचं मात्र गणिताने सुटलं नाही, कोळ्याने सोडवलं. तीन आकार मिळतात: लांबुडका बुलेट, घुमटासारखा डोम आणि उघड्या डोळ्यासारखा टरेट. बुलेट लांबून दिसतो, त्यामुळे येणारा बिचकतो, म्हणून मी आधी तोच आणला आणि आठवडाभर माझ्या गॅलरीत लावून पाहिला. तिसऱ्या रात्री पावणेतीनला फोन थरथरला. पडद्यावर एक पांढरी शुभ्र दोरी आणि तिच्यावरून हातोड्याएवढा कोळी चाललेला. सकाळपर्यंत एकेचाळीस सूचना, सगळ्या त्याच्याच. बुलेटमध्ये रात्रीचे दिवे लेन्सला चिकटून असतात, ऊब आणि किडे दोन्ही तिथेच, मग तो दुसरीकडे कशाला घर करेल! डोमच्या काचेवर धूळ बसली किंवा थेंब राहिले की दिव्याचा उजेड आतच परततो आणि चित्रावर धुकं येतं. टरेटमध्ये दिवा आणि लेन्स वेगवेगळ्या खिडक्यांमागे असतात, वर घुमट नाही. म्हणून टरेट. शिवाय नुसती हालचाल नाही, माणूस असेल तरच सूचना द्यायची, असं त्यात ठरवता येतं. कुत्र्यासाठी आता कोणी उठणार नाही.

रात्री रंगीत दाखवणारेही मिळतात. ते आवडले होते मला, सदऱ्याचा रंग कळतो. पण त्यातले बरेचसे त्यासाठी पांढरा दिवा लावतात, आणि गेटवर रात्री दोनला भक्कन दिवा लागला तर बाबा बाहेर जाणार नाहीत असं आई छातीठोक सांगू शकते का? शिवाय तो उजेड थेट तुमच्या उशीवर. म्हणून साधे इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे घेतले, चित्र काळंपांढरं. अंधारात त्याच्याकडे टक लावून पाहिलं तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर ठिपका दिसेल, तो दोष नाही, त्या दिव्याचा गुणच आहे. आणि काळा शर्ट त्यात कधी कधी पांढरट दिसतो. तेव्हा "पांढऱ्या शर्टातला माणूस" असं कोणाला सांगण्याआधी जरा थांबा.

बॅटरीवाला घेतला असता तर वायरच लागली नसती. पण तो झोपलेला असतो, हालचाल झाली की जागा होतो, आणि जागा होईपर्यंत माणूस दोन पावलं पुढे गेलेला. शिवाय चार्जिंगला काढायला शिडीवर कोण चढणार? उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच नको. वायफायवाल्यालाही विजेची वायर लागतेच. त्यापेक्षा नेटवर्कची एकच केबल, तिच्यातूनच वीज जाते आणि तिच्यातूनच चित्र येतं, १०० मीटरपर्यंत चालते. आई, समोरच्या भिंतीला भोक पडणार नाही. रंगाला किती दिवस लागले ते मी विसरले नाहीये. केबल पन्हळीच्या पाइपामागून पांढऱ्या नळीतून जाईल, तुला शोधावी लागेल.

आता जे लिहायला मला दोन दिवस लागले ते.

मी आधी तिसराही बघत होते. गोल फिरणारा, ओट्यावर लावायचा. कारण काय सांगितलं होतं मी स्वतःला, तर कुरिअरवाला दिसेल. खरं म्हणजे मला बाबांची खुर्ची दिसायला हवी होती. सकाळी सातला पेपर उघडलेला दिसला की माझा दिवस सुरू, असं काहीतरी डोक्यात होतं. पैसे भरायच्या पानापर्यंत गेले होते. मग ते हॉस्टेलच्या फोनचं रामायण आठवलं. रोज रात्री नऊला रेक्टरबाईंकडे बाबांचा फोन, "आली का?" महिनाभर मी बोलले नव्हते तुमच्याशी. तेव्हा तुम्हालाही माझा पेपरच बघायचा असणार. ते आत्ता कळलं, पण म्हणून मी तेच उलटं तुमच्यावर करावं असं नाही. पान बंद केलं.

तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांचं तोंड बाहेर आहे. गेटच्या चित्रात ओट्याचा कोपरा येतो, तिथे खुर्चीवर काळी चौकट टाकून घेणार आहे, ती रेकॉर्डही होत नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीवरही तशीच. माइक बंद ठेवायला सांगितलाय, आईची कुंपणापाशी जी संमेलनं भरतात ती तिथेच राहू देत. ॲप तुमच्या फोनवर, मालक बाबा. मला बघायची परवानगी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. नाही दिलीत तर वाईट वाटेल, पण चालेल. द्याल तर बरं.

आई, तुला हे सगळं फॅड वाटतंय ना? १९६६ साली न्यू यॉर्कमध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या नर्सने नवऱ्याबरोबर घरासाठी अशाच यंत्रणेचा पेटंट अर्ज केला होता, १९६९ला तो मंजूर झाला. दारात वेगवेगळ्या उंचीची भोकं, त्यांतून वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि दारात कोण आहे ते आत झोपायच्या खोलीत टीव्हीवर दिसणार. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या, घरी एकटीला दार उघडायची भीती वाटायची, म्हणून. बाबा फिरतीवर असताना तू कडीला आतून लाटणं अडकवायचीस, ते आठवलं मला हे वाचताना.

आता शनिवारचं. हे नीट वाचा, आणि बाबा, त्या माणसाला "तुम्हाला जसं योग्य वाटेल तसं" असं म्हणायचं नाही.

कॅमेरा अडीच ते तीन मीटर उंचीवरच. त्याहून वर लावला की नुसती टाळकी दिसतात, फार खाली लावला की हाताला येतो. पन्हळीच्या तोंडाखाली नको. दोन्ही आयपी ६७चे आहेत, धूळ शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालतात, पण वायरीचा जोड तसा नसतो, तो डबीतच बसवून घ्या. वायर डबीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं, आत जात नाही. जाण्याआधी त्याला अंधाराचं चित्र दाखवायला लावा. दिवसाउजेडी लेन्सवर हात धरून "हे बघा रात्रीचं" म्हणेल, ते चालणार नाही. संध्याकाळी परत ये म्हणावं, पैसे तेव्हा.

कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवायचा नाही. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असे न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातली लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती, त्यांत कॅमेरे ढिगाने. आणि बाबा, नवा पासवर्ड म्हणजे माझी जन्मतारीख नव्हे. औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, कॅलेंडरवर लिहू नका.

रेकॉर्डर, म्हणजे चित्रं साठवणारा डबा, कपाटावर बसेल. दोन कॅमेऱ्यांचं दिवसाला ८५-९० जीबी होतं, दोन टीबीच्या डिस्कमध्ये तीन आठवडे मावतात, मग जुनं आपोआप पुसलं जातं, तुम्ही काही करायचं नाही. आई, त्याला ऊब येते, म्हणून त्याच्यावर विणलेलं कव्हर घालायचं नाही. टीव्हीला घातलंस, मिक्सरला घातलंस, फोनलासुद्धा घातलं होतंस. याला नाही. आणि बाबा, झोपायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करता ना, त्यातलं रेकॉर्डरचं आता सोडायचं. त्या बटणावर माझ्या जुन्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका लावून घे आई, बाटली ड्रॉवरमध्ये असेल, वाळली नसेल तर.

जाळं धरलं तर महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या झाडूने. जमिनीवर उभं राहून. स्टूल नाही. "एकच मिनिट"सुद्धा नाही. दादाला सांगितलंय, तो रविवारी येतोच.

पहिले काही दिवस फोन उगाच वाजेल, माणसं दिसली की. कंटाळून बंद करू नका, मला सांगा, मी इथून कमी करून देईन (परवानगी दिलीत तर!).

जपा. गुडघ्याला शेक दोन वेळा, एक वेळा नव्हे.

तुमची,
चिऊ

ता. क. बाबा, टॉर्च टाकू नका. दुकानदाराने नवी देतो म्हटलं होतं, मी नको म्हटलं. तळहातावर दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी, रबरबँडवाली तीच राहू दे. मागच्या दाराच्या अंधारात तुमच्या सदऱ्याचं टोक धरून मी तिच्यामागे चालले आहे. सेल पाठवलेत, रेकॉर्डरच्या खोक्यातच आहेत. उशाशी ठेवा, बाथरूमपुरती.