वयाची अट गल्ल्यापाशी संपते. पुढचे नियम लिक्विडसाठी हवेत

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

व्हेपिंगच्या, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याच्या, नियमांचा मसुदा ज्या ज्या देशाच्या मंत्रालयात सध्या फिरतो आहे, तिथल्या मंत्र्यांना हे पत्र आहे. ई-सिगारेटमधले लिक्विड, ते तापवून त्याची वाफ करणारी तार म्हणजे कॉइल, आणि बॅटरी यांचे काम जवळून जाणणाऱ्यांनी ते लिहिले आहे.

मुलांच्या संरक्षणाचा विषय निघाला की मसुद्याचे पहिले कलम वयाचे असते. ते हवेच. पण ही अट गल्ल्यापाशी संपते. वयाने मोठा मित्र, घरातला भाऊ, ऑनलाइन विक्रेता यांच्या हातून वस्तू मुलापर्यंत जाते आणि तिथे कुणाला पहारा ठेवता येत नाही. म्हणून मसुद्यातले सर्वांत कडक शब्द त्या वस्तूच्या बनावटीसाठी वापरा, अशी आमची विनंती आहे.

सुरुवात निकोटिन सॉल्टपासून करावी लागेल. साधे निकोटिन अल्कधर्मी असते. त्याचे प्रमाण वाढवले की घसा टोचतो, ठसका लागतो आणि नवखे मूल तिथेच थांबण्याची शक्यता असते. त्यात बेन्झोइक आम्ल मिसळले की निकोटिनचा क्षार बनतो, सामू (पीएच) उतरतो आणि मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम इतके तीव्र लिक्विडही सहज ओढता येते. ठसक्याचे कुंपण गेले. पाकिटावर मात्र '५ टक्के' छापलेले असते आणि मुलाला ते किरकोळ वाटते. टक्केवारी छापायला मनाई करा. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम आणि संपूर्ण उपकरणात किती, हे दोन्ही आकडे ठळक हवेत.

युरोपीय संघाने २०१४च्या निर्देशात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन, टाकीला २ मिलिलिटर आणि बाटलीला १० मिलिलिटर अशी मर्यादा घातली. पाया चांगला आहे, पण एवढ्याने भागत नाही. एका झुरक्यात किती लिक्विडची वाफ होते, हे कॉइलच्या वॅटवर ठरते. ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर १.२ ओहमची कॉइल साधारण ११ वॅट देते, तर ०.६ ओहमची त्याच्या दुप्पट. लिक्विड तेच, लेबल तेच, झुरक्यातले निकोटिन मात्र वाढलेले. तेव्हा दर झुरक्यामागच्या निकोटिनवरही मर्यादा हवी. आयएसओ २०७६८ या आंतरराष्ट्रीय मानकात यंत्र दर ३० सेकंदांनी, ३ सेकंदांचा, ५५ मिलिलिटरचा झुरका घेते. मोजणी त्यानुसार करता येईल, पण भरलेल्या टाकीवर ती थांबवू नका. टाकी संपत आली की कॉइलपर्यंत लिक्विड पोचवणारी वात कोरडी पडते, कॉइल जास्त तापते आणि लिक्विडमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या विघटनातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही घातक रसायने तयार होतात. शेवटचे झुरके तपासले नाहीत, तर अहवाल स्वच्छ येईल आणि त्याचा उपयोग शून्य असेल.

फ्लेवरच्या बाबतीत 'या चवी बंद' अशी यादी करू नका. 'एवढेच घटक चालतील, बाकी सारे बंद' अशी करा. मेन्थॉलवर बंदी घातली की डब्ल्यूएस-२३ सारखे, मेन्थॉलचा वास नसलेले पण गारवा देणारे रसायन त्याची जागा घेते. पळवाटा कशा सापडतात हे अमेरिकेत दिसले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे कार्ट्रिजमधल्या, म्हणजे बदलता येणाऱ्या लिक्विडच्या कुपीतल्या, गोड चवींवर कारवाई सुरू झाली, पण डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकून द्यायची, उपकरणे तिच्यातून सुटली आणि मुले तिकडे वळली. मग काही उत्पादकांनी तंबाखूऐवजी प्रयोगशाळेत बनवलेले निकोटिन वापरून कायद्याच्या व्याख्येतून अंग काढून घेतले. ती फट २०२२ मध्ये बुजवली गेली आणि पाठोपाठ निकोटिनसारखेच रसायन असलेले ६-मिथाइल निकोटिन बाजारात आले. आपली व्याख्या निकोटिन, त्याचे सर्व क्षार आणि त्याच्यासारखा परिणाम करणारी रसायने, मग ती कशापासूनही बनवलेली असोत, या सगळ्यांना कवेत घेणारी हवी.

डिस्पोजेबलच्या व्याख्येलाही हेच लागू आहे. ब्रिटनची डिस्पोजेबलवरची बंदी १ जून २०२५ रोजी लागू झाली, तेव्हा त्याच आकाराची, त्याच चवींची, फक्त चार्जिंगची सोय आणि बदलता येणारा पॉड (लिक्विडची कुपी) असलेली उपकरणे बाजारात हजर होती.

तान्ह्या मुलांचा धोका वेगळा आहे आणि चर्चेत तो मागे पडतो. मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची, १० मिलिलिटरची बाटली म्हणजे २०० मिलिग्रॅम निकोटिन. ते गिळल्यावर विषबाधा होते, शिवाय त्वचेतूनही शोषले जाते. दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारे झाकण आणि थेंबाथेंबाने सोडणारे तोंड, दोन्ही सक्तीचे करा. झाकणाची चाचणी आयएसओ ८३१७ प्रमाणे व्हावी. पॉड आणि सुट्या टाक्याही या नियमात घ्या, कारण मुलाच्या तोंडात त्याही जातात.

सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांचे काय, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. निकोटिनयुक्त व्हेपमुळे निकोटिनच्या पट्ट्या वा गोळ्यांपेक्षा अधिक लोकांची सिगारेट सुटते, असे वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दिसते. पण त्या प्रौढाला साध्या वेष्टनातले, तंबाखूच्या चवीचे उपकरण औषधांच्या दुकानातून मिळू शकते. कार्टूनच्या चित्राची त्याला गरज नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून विक्री औषधांच्या दुकानांपुरती ठेवली. तिथे बेकायदा बाजार उरला, हेही आम्ही लपवत नाही. म्हणून जप्त मालाचे नमुने तपासायला प्रयोगशाळा आणि तिचा खर्च मसुद्यातच धरा. 'शून्य निकोटिन' लिहिलेला माल आधी तपासा. आणि मुलाजवळ उपकरण सापडले तर दंड किंवा शाळेतून काढणे नको. त्याला व्यसन सोडण्यासाठी समुपदेशकाकडे पाठवा.

शेवटी तारखेबद्दल. नियम उत्पादनाच्या तारखेला जोडला, तर अंमलबजावणीआधी गोदामे भरून ठेवली जातात आणि जुना माल महिनोन्‌महिने विकला जातो. अट विक्रीच्या तारखेला जोडा आणि उरलेला माल परत घेण्याची जबाबदारी आयातदारावर टाका. त्यात लिथियमच्या बॅटऱ्या असतात. त्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात.

कळावे,

ई-सिगारेटची उपकरणे आणि लिक्विड यांचे अभ्यासक